कोरोनात सुपरमार्केटमध्ये लोक असे का वागत होते?

सावळागोंधळ

विषय शिळा आहे, माहितीये, कोरोना म्हटलं की आता लोक पुढे सरकतात. पण घरी यावरून चांगलंच वाजलं आणि कुणीच माघार घेईना म्हणून इथे टाकतेय. आमच्या भाऊजींचं म्हणणं असं की २०२० च्या मार्चमध्ये सुपरमार्केटात माणसाचं खरं रूप दिसलं, जो तो आपलीच ट्रॉली भरत होता, मागच्याला काय उरेल याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला हे पटत नाही. लोक घाबरलेले होते, विचित्र वागत होते, पण सगळे एका रात्रीत दुष्ट झाले असं कसं होईल?

तर मला तीन गोष्टी कुणीतरी नीट सांगा. पहिली म्हणजे टॉयलेट पेपरच का? आजार श्वासाचा, पोटाचा नाही. साबण, औषधं समजू शकते, पण कितीतरी देशांत लोक त्या गठ्ठ्यांसाठी भांडत होते. दुसरी, दारातल्या सिक्युरिटीवाल्यापुरता मास्क नाकावर आणि दोन रॅक ओलांडले की हनुवटीवर, हे काय होतं? नुसता बेफिकीरपणा की अजून काही? आणि तिसरी, ते जमिनीवरचे बाण, गोल, काउंटरपुढची प्लास्टिकची काच, घरी आणून एकेक पाकीट पुसणं, यातलं खरंच कामाचं किती होतं आणि नुसतं मनाचं समाधान किती?

राजकारण नको प्लीज. त्यावर भांडायला दुसरे धागे भरपूर आहेत.

बिनसाखर

भाऊजींना एक आकडा द्या. ब्रिटनमध्ये कांतार नावाची कंपनी हजारो घरांच्या खरेदीची नोंद ठेवते, म्हणजे कोण काय म्हणालं ते नाही, कुणी प्रत्यक्षात काय घेतलं ते. मार्च २०२० मध्ये तिकडचे रॅक ओस पडले तेव्हा त्यांनी बघितलं की अवाच्या सवा माल उचलणारे नक्की किती आहेत. पास्ता घेणाऱ्यांत शेकडा ३ आणि लिक्विड सोप घेणाऱ्यांत शेकडा ६. बस. बाकी बहुतेकांनी नेहमीच्या यादीत दोन-चार वस्तू वाढवल्या आणि एखादी चक्कर जास्त मारली, ज्याला आपण कुणीच साठेबाजी म्हणणार नाही, आणि त्यातच रॅक साफ झाले.

कसे ते बघा. समजा एका दुकानावर शंभर घरं अवलंबून आहेत आणि एक गठ्ठा घरटी महिनाभर पुरतो. म्हणजे रोज तीन-चार घरंच तो घ्यायला येणार, आणि दुकान तेवढाच मागवणार. आता एका दिवशी वीस जणांना वाटलं की आपला संपत आलाय, आत्ताच घेऊन ठेवू, एकच, जास्त नाही. झालं की काम. प्रत्येकाने एकच नेलाय, हावरट कुणीच नाही, आणि एकविसावा माणूस मोकळ्या रॅकचा फोटो काढून ग्रुपवर टाकतोय.

आपल्याला वाटतं दुकानाच्या मागे मोठं गोदाम असेल, तिथून आणतील. नसतं हो. सुपरमार्केटचा सगळा धंदा कमीत कमी माल पडून राहावा यावर चालतो. काल जेवढं विकलं गेलं त्या हिशोबाने ऑर्डर जाते आणि ट्रक येतो. कॉम्प्युटरला मागच्या आठवड्यावरून पुढचा आठवडा कळतो, व्हॉट्सॲपवर काय फिरतंय ते कळत नाही.

टॉयलेट पेपरचं म्हणाल तर तो हवेने भरलेला माल आहे. जागा प्रचंड खातो म्हणून रॅकमध्ये मुळात गठ्ठे थोडे मावतात, लवकर संपतात, आणि संपल्यावर भिंतभर भगदाड दिसतं. माचिसच्या पेट्या संपल्या तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय तो नासत नाही, त्यामुळे जास्त घेतला तरी वाया जाईल अशी भीती नाही.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, घरचा वापर खरोखरच वाढला होता. ऑफिस बंद, शाळा बंद, हॉटेलं बंद. जे तिकडे वापरलं जायचं ते घरात आलं. पण ऑफिसात लागतात ते मोठाले जाड रोल, पॅकिंग वेगळं, मशिनरी वेगळी, बऱ्याच ठिकाणी कारखानाच वेगळा. तो माल पडून राहिला आणि घरगुतीचा तुटवडा. ब्रिटनमध्ये पिठाचं अगदी हेच झालं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी ब्रेड भाजायला लागले आणि रॅकमधून पीठ गायब. गिरण्यांकडे पीठ भरपूर होतं! पण तिथल्या एकूण पिठातलं जेमतेम शेकडा ४ दुकानांतून छोट्या पिशव्यांमध्ये विकलं जातं, बाकी सगळं बेकऱ्या आणि कारखान्यांना टँकरने नाहीतर मोठ्या पोत्यांतून. छोट्या पिशव्या भरायची मशिनं रात्रंदिवस चालवली तरी किती भरणार. लोक मात्र म्हणत होते शेजारणीने पळवलं.

तिरपांगडा

बिनसाखरचं बरोबर आहे पण टॉयलेट पेपरला इतिहास आहे राव, तो सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

१९७३, तेलाचं संकट, जपान. कागद महागणार, मिळणारच नाही अशी आवई उठली आणि ओसाकाकडे बायकांच्या रांगा लागल्या, मग ते लोण देशभर. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अमेरिकेत जॉनी कार्सनने आपल्या टीव्ही शोमध्ये टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला. विनोद! एका खासदाराने सरकारी खरेदीत कागद कमी पडतोय म्हणून काळजी व्यक्त केली होती, त्याची यांनी खिल्ली उडवली. दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात. टंचाई नव्हती ती झाली, आणि त्याला नंतर शोमध्ये खुलासा करावा लागला.

२०२० मध्ये पुन्हा जपानच. फेब्रुवारीच्या शेवटी सोशल मीडियावर अफवा आली की टॉयलेट पेपर चीनमधून येतो, तो आता थांबणार. प्रत्यक्षात जपानला लागणारा जवळजवळ सगळा, शेकडा ९८ च्या आसपास, जपानातच बनतो. कंपन्यांनी सांगितलं, सरकारने सांगितलं, भरलेल्या गोदामांचे फोटो टाकले. तरी रॅक रिकामे. आणि यातली खरी मजा ही की रांगेत उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना अफवा खोटी आहे हे ठाऊक होतं. त्यांचा हिशोब असा की मला कळतंय, पण बाकीच्यांना कळत नसणार, ते जाऊन उचलणार, मग मी शहाणा असूनही माझ्या घरात काही नसणार. त्यामुळे शहाणा पण रांगेत आणि येडा पण रांगेत. वरून बघणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात.

हाँगकाँगमध्ये तर १७ फेब्रुवारीला तिघांनी चाकू दाखवून सहाएकशे रोल लुटले, सुपरमार्केटच्या दारात माल उतरवत असताना. आणि ऑस्ट्रेलियात एन.टी. न्यूज नावाच्या पेपरने मार्चमध्ये आठ पानं चक्क कोरी छापली, कापायच्या रेघांसकट, अडीनडीला वापरा म्हणून. आजही आठवलं की हसू येतं.

खडूस म्हातारा

सगळ्यांना निर्दोष सोडायची घाई दिसतेय इथे. शंभर घरांचं गणित ठीक आहे, पण त्या शंभरातलं प्रत्येक घर सारखं नसतं हे कोण सांगणार? ज्याच्याकडे गाडी आहे, डिकी आहे, घरात ठेवायला खोली आहे आणि खात्यात पैसे आहेत त्याने "जरा जास्त" घेतलं. ज्याचा पगार महिन्याच्या शेवटी होतो किंवा रोजच्या रोज हातात पडतो तो जास्त घेऊच शकत नव्हता. तो ज्या दिवशी गेला त्या दिवशी रॅक रिकामा. नर्सा, बसवाले, सफाईवाले दिवसभर कामावर, सुटून जाईपर्यंत सकाळचे लोक सगळं उचलून गेलेले. हावरट कुणी नव्हतं हे मान्य केलं तरी भुर्दंड कुणाला पडला ते बघा की.

बिनसाखर

काका, हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो खोडत नाही. माझं म्हणणं इतकंच की दोष शोधायचा तर तो रांगेतल्या बाईच्या स्वभावात शोधून काही हाती लागणार नाही. एक बाजू आठवा, तेव्हा लोकांना सांगत काय होते? घराबाहेर कमीत कमी पडा. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर सगळ्यांनी चौदा दिवस आत. मग जो माणूस रोज येऊन थोडं थोडं न्यायचा तो आठवड्याचं एकदम नेणारच, हे तर सांगितल्याबरहुकूम वागणं झालं. त्याच तोंडाने साठा करू नका पण सांगायचे. दोन्ही एकदम कसं जमणार? आधी दुकानांनीच प्रत्येकाला किती ते ठरवलं असतं तर संध्याकाळी येणाऱ्या नर्सलाही मिळालं असतं. बऱ्याच ठिकाणी ती मर्यादा रॅक रिकामे झाल्यावर आली.

रात्रपाळी

मी त्या काळात एका मोठ्या सुपरमार्केटात होतो, नाव सांगत नाही. मुख्य काम रॅक भरणं, आणि गर्दी झाली की कॅशवर बसवायचे. वरचं सगळं वाचलं, ठीक आहे, पण जवळून जे दिसलं ते सांगतो.

माणशी दोन नग अशी पाटी लागली त्या दिवसाची गोष्ट. नवरा-बायको वेगवेगळे आत आले, दोन ट्रॉल्या, दोन रांगा, एकमेकांकडे बघत पण नव्हते, अगदी अनोळखी. सगळं सुरळीत चाललेलं. पोरगं बापाच्या ट्रॉलीत बसलेलं, त्याने पलीकडच्या रांगेत आई बघितली आणि जे काही भोकाड पसरलं, मम्मा मम्मा करून हात पसरतंय आणि आई बिचारी च्युइंगगमची पाकिटं वाचतेय. माझ्या शेजारच्या कॅशवरची मुलगी खाली वाकून हसत होती. सोडलं आम्ही त्यांना. काय करणार.

दुसरं, पुढचं पाकीट कुणी घ्यायचं नाही. पूर्वी लोक समोरचं उचलायचे, फार तर दुधासारख्या वस्तूची तारीख बघून मागचं. कोरोनात सगळेच हात खोल घालून तिसरं-चौथं काढायला लागले, कारण पुढचं दहा जणांनी हाताळलेलं असणार. आता प्रत्येकजण तिसरं काढतोय म्हटल्यावर हात कुठल्यावर जास्त लागले असतील? पुढचं बिचारं अस्पर्श राहायचं, रात्री मी ते सरळ करायचो.

मास्कचं विचारलंय ताईंनी. हनुवटीवर यायचा त्याची कारणं मला तीन-चार दिसायची, आणि बेफिकीरपणा त्यातलं एक. चष्म्यावर वाफ धरते, बारीक अक्षरातलं लेबल दिसत नाही, मास्क खाली. फोन आला, मास्क खाली, जसं काही समोरच्याला कपड्यातून आवाज जाणार नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे भाजीची ती पातळ पिशवी. ती कोरड्या बोटांनी उघडत नाही. सॅनिटायझरने बोटं आणखीच कोरडी झालेली. मग माणूस दोन मिनिटं झगडणार, इकडे तिकडे बघणार, मास्क खाली करणार, बोट जिभेला लावणार, पिशवी उघडणार, मास्क वर. अगदी टापटीप मास्क घातलेली, हातमोजेवाली माणसंसुद्धा. हातमोज्यासकट बोट तोंडात घातलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

काउंटरवर प्लास्टिकची काच लावली तर आवाज नीट ऐकू यायचा नाही, मास्क वरून वेगळा. मग गिऱ्हाईक काय करणार, काचेच्या कडेने मान आत घालून बोलणार. आधी माझ्यापासून तीन फुटांवर असायचा तो आता माझ्या कानात बोलतोय. शेवटी मी बोटांनी आकडे दाखवायला लागलो.

आणि ओरडणारे. माल नाही म्हणून आमच्यावर ओरडायचे, मर्यादा का म्हणून ओरडायचे, मास्क घाला म्हटलं तर तू कोण सांगणारा. हे रोजचं होतं, त्यावर फार लिहीत नाही. पण तेवढेच लोक जाताना थँक्यू म्हणायचे जे आधी कधीच म्हणायचे नाहीत, तेही लिहिलं पाहिजे.

सावळागोंधळ

रात्रपाळी दादा, च्युइंगगमची पाकिटं!! मी ऑफिसात फुटलेय. भाऊजींना वाचून दाखवलं तर त्यांचं म्हणणं की ते घेत होते तो साठा नव्हता, ते नियोजन होतं. साठा फक्त इतरांचा असतो.

एक सांगा, ज्येष्ठ नागरिकांसाठी सकाळचा वेगळा तास ठेवायचे ना, त्याचा फायदा झाला का?

रात्रपाळी

ताई, थोडा झाला, थोडा उलटा पडला. ज्यांना गर्दीपासून वाचवायचं ते सगळे एकाच तासाला दाराशी. ऑस्ट्रेलियात वुलवर्थ्सने १७ मार्च २०२० ला सकाळी सात ते आठ असा तास सुरू केला, तर पहिल्याच दिवशी उजाडायच्या आधीपासून म्हाताऱ्या माणसांच्या लांबच लांब रांगा. आमच्याकडे इतकं नव्हतं पण दार उघडायच्या आधी पाऊण तास येऊन उभे राहायचे. मात्र आत आल्यावर त्यांना रात्री लावलेला ताजा माल मिळायचा, तो दुपारी मिळाला नसता, हे नक्की.

आणि बरेचसे फक्त सामानासाठी यायचे नाहीत. एक आजोबा एका वस्तूला यायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तूला. सुपरवायझर वैतागायचा की आजोबा एकदम घेऊन जा ना, बाहेर कमी पडा. ते हो हो म्हणायचे. घरी एकटे, बोलायला कोण, आम्ही काचेआडून का होईना दोन शब्द बोलायचो. वर बिनसाखर यांनी फेऱ्या वाढल्याचं लिहिलंय ना, त्यातल्या काही फेऱ्या अशाही असणार, त्या कुठल्या आकड्यात दिसत नाहीत.

स्पष्टवक्ती

तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून मी. (पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगते.)

पाकिटं पुसण्याचं खूळ आलं कुठून तर १७ मार्च २०२० ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग छापून आला. प्लास्टिकवर विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर जिवंत सापडला नाही. बातमी झाली "प्लास्टिकवर तीन दिवस जगतो". पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग, मुद्दाम भरपूर विषाणू टाकून केलेला, आणि तासातासाला तो झपाट्याने कमी होत जातो हे त्याच पेपरात आहे. सापडणं वेगळं आणि त्यातून माणूस आजारी पडणं वेगळं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग व्हायची शक्यता साधारणपणे १०,००० त १ पेक्षा कमी. तोवर वर्षभर लोकांनी बिस्किटाचे पुडे साबणाने धुतले होते. हात धुणं केव्हाही चांगलंच, पण पुडा धुवून काय मिळालं तर ओला पुडा.

खरा धोका हवेतला होता, बंद जागेत, बराच वेळ, जवळ. त्या दृष्टीने बघितलं तर आत किती माणसं एका वेळी सोडायची यावर मर्यादा, हे सगळ्यात कामाचं. आणि मास्क. पण मास्कबद्दल लोकांना आधी सांगितलं काय होतं ते विसरू नका. सुरुवातीला सामान्य माणसाला गरज नाही, डॉक्टरांसाठी ठेवा. मग सीडीसीने ३ एप्रिल २०२० ला कापडी मास्क वापरा म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला. इंग्लंडमध्ये दुकानात गिऱ्हाइकाला सक्ती झाली ती २४ जुलैला, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी दुकानातल्या कर्मचाऱ्याला सक्ती नव्हती, ती आली सप्टेंबरात. आता अशा उलटसुलट सूचना ऐकून आलेला माणूस आत जाऊन मास्क खाली करत असेल तर त्याला एकट्याला झोडपू नका. त्याच्या लेखी तो दारातला नियम होता. चपला काढून आत जायचं तसं मास्क घालून आत जायचं, आत गेलो, संपलं.

काउंटरची काच समोरून उडणारे थेंब अडवते, हवेत तरंगत राहणारे बारीक कण कडेने जातातच. रात्रपाळी म्हणतात तसे लोक कडेने डोकं घालून बोलत असतील तर मग काच कशासाठी.

गुगली

बाणांचं मी सांगतो, मी ते निष्ठेने पाळणारा एकमेव इसम असेन. एकेरी वाट केली की काय होतं, तुम्हाला रॅकच्या सुरुवातीची एक वस्तू हवी आहे आणि तुम्ही दोन पावलं पुढे गेलात. आता मागे वळणं गुन्हा. म्हणजे पूर्ण रॅक पार करून, पलीकडच्या रॅकमधून उलटं येऊन, पुन्हा सुरुवातीपासून. त्या फेरीत आणखी सात-आठ जणांच्या शेजारून जायचं. लोक मग ट्रॉली तिथेच सोडून उलटे चालत जाऊन वस्तू आणायचे, ट्रॉलीने नियम पाळलाय, मी नाही. हा जुगाड जवळपास सगळ्यांनी शोधला होता.

जर्मनीत बऱ्याच दुकानांनी प्रत्येकाला ट्रॉली घेणं सक्तीचं केलं होतं, एक लिंबू घ्यायचं असलं तरी. डोकं चांगलं लावलेलं. जेवढ्या ट्रॉल्या बाहेर तेवढीच माणसं आत, मोजायला माणूस उभा करायला नको, आणि ट्रॉली पुढे असली की अंतर आपोआप राहतं.

सगळ्यात भारी किस्सा पनामा आणि पेरूचा. एप्रिल २०२० मध्ये दोन्ही देशांनी नियम काढला की बायकांनी एक दिवस आड बाहेर पडायचं आणि पुरुषांनी उरलेल्या दिवशी, रविवारी कुणीच नाही. कागदावर गर्दी निम्मी. पेरूत झालं काय, पुरुषांच्या दिवशी दुकानं बऱ्यापैकी मोकळी आणि बायकांच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. कारण घरचं सामान आणतं कोण! आठ-दहा दिवसांत पेरूने नियम गुंडाळला. पनामाने मात्र पुढे बराच काळ चालवला, आणि त्यात ट्रान्स लोकांचे फार हाल झाले, कुठल्याही दिवशी गेलं तरी पोलीस अडवायचे.

खडूस म्हातारा

हे पेरूचं माहीत नव्हतं. घरात एकदाही यादी न केलेल्या माणसाने काढलेला नियम दिसतोय.

तिरपांगडा

काका फॉर्मात 😄

स्पष्टवक्ती, पुसण्याबद्दल जरा असहमत. धोका कमी होता हे नंतर कळलं. एप्रिल २०२० मध्ये माझी आई पाकिटं पुसायची तेव्हा तिच्याकडे दुसरं करण्यासारखं होतंच काय? बातम्या बघून हातपाय गळालेले, पुसताना निदान काहीतरी करतोय असं वाटायचं. त्याला नुसतं खूळ म्हणून उडवणं मला पटत नाही.

स्पष्टवक्ती

तिरपांगडा, आईंना काही म्हटलेलं नाही, माझीच आई अजून दुधाची पिशवी धुते. माझा राग सांगणाऱ्यांवर आहे. लोकांची मेहनत आणि काळजी मर्यादित असते. ती पुडे पुसण्यात खर्च झाली आणि मग तेच लोक खिडक्या बंद करून एकत्र जेवायला बसले. हवा खेळती ठेवा हे पहिल्या महिन्यात तेवढ्याच जोरात सांगितलं असतं तर?

बिनसाखर

रात्रपाळी, एक प्रश्न राहिला. रिकाम्या रॅकचे फोटो बघून गर्दी व्हायची असं सगळे म्हणतात. तुम्हाला आत राहून तसं जाणवलं का, आणि दुकानाने त्यावर काही केलं का?

रात्रपाळी

जाणवायचं म्हणजे काय, फोटो फिरला की दीड-दोन तासांत दारात गर्दी दिसायची, आणि ते लोक थेट त्याच रॅककडे जायचे. रिकामा असला तर शेजारच्या रॅकमधलं काहीतरी उचलायचे, आलोच आहोत तर हे तरी घेऊ. असा मग शेजारचा पण रिकामा. टॉयलेट पेपर नाही म्हणून टिश्यू, टिश्यू नाही म्हणून पेपर नॅपकिन.

आम्हाला सुरुवातीला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग आम्हीच माल पुढे ओढून लावायला लागलो. म्हणजे खोलवर सहा रांगा मावतात तिथे एकच रांग, पण अगदी कडेला, समोरून बघितलं की भरल्यासारखं. मोकळे रॅक पडले तिथे मॅनेजरने भलतंच सामान लावायला सांगितलं, जे कुणी घेत नव्हतं ते. पार्टीचे कागदी ग्लास आणि मेणबत्त्या लावल्याचं आठवतंय. दिसायला विनोदी होतं पण फोटो काढणारे थांबले. आणि एकदम सगळा माल न लावता थोडा थोडा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी असा काढायचो. त्याने वर काका म्हणाले त्या कामावरून सुटून येणाऱ्यांना पण काहीतरी मिळायला लागलं. पहिल्या आठवड्यातच हे केलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा ट्रक आला की सगळं बाहेर काढा असाच हुकूम होता.

फक्त त्या मेणबत्त्या तिसऱ्या दिवशी संपल्या. का ते विचारू नका, लाइट कुठेच गेली नव्हती.